जाळीच्या कपाटाचा चौथा पाय

लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. मी विसरत नाही. मी डूख धरते, आणि धरलेला डूख मला नीट सांभाळताही येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी थोर मनाची अपेक्षा करायला नको. एका माणसाने आमचं स्वयंपाकघर चोरलं. भांडी नाही, डबे नाहीत. सबंध स्वयंपाकघर चोरलं, नळावर अडकवलेल्या आईच्या बांगड्यांसकट. आणि वर तोंड करून जगाला सांगितलं, की हे माझ्या आजीचं घर आहे.

स्वयंपाकघर कसं चोरतात, ते सांगते.

आम्ही पालघरकडच्या दांडी गावचे. घर समुद्राला इतकं लागून, की दाराची कडी दर दोन वर्षांनी गंजून हातात यायची. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि बोईसरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडे लागले. दिवसभर टाक्या आणि पाइप काढायचे, कम्प्युटरवर. सुटल्यावर रिक्षा भरेपर्यंत स्टेशनजवळच्या गेमिंग कॅफेत बसायचे. तिथे बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे पहिले काही दिवस सगळे मला सांभाळून घेत होते. मग मी त्यांना पटापट मारायला लागले आणि सांभाळणं बंद झालं. शिफ्ट संपवून येणारी बिहारची, यूपीची पोरं मागे वळून ओरडायची, "अरे दीदी, किधर से मारा?"

खेळ तो नेहमीचाच. दोन बाजू, हातात बंदुका, दिसेल त्याला गोळी घालायची; मेलेला पुन्हा जिवंत होऊन येतो. ही मारामारी ज्या जागेत चालते तिला मॅप म्हणतात. पडकं गाव, गोदाम, वाळवंट, असले मॅप खेळाबरोबरच येतात. पण ज्याला हौस असेल त्याला स्वतःचा मॅप बनवता येतो आणि तो इतरांना खेळायला देता येतो. त्यातला एक प्रकार मला भयंकर आवडायचा. एक साधी घरातली खोली असते आणि खेळणारे सगळे काडेपेटीतल्या काडीएवढे. टेबल म्हणजे डोंगर, खुर्चीचा पाय म्हणजे मनोरा, सांडलेला चहा म्हणजे तळं. आपण पुस्तकांच्या कडेवरून पळायचं आणि पडद्याच्या दोरीवरून खाली घसरायचं.

पण ती सगळी घरं परदेशातली. गालिचा, शेकोटी, बाथटब. एकाही मॅपमध्ये पोळपाट नव्हतं. एकाही स्वयंपाकघरात मोरी नव्हती. मला वाटलं, आमच्या घराने यांचं काय घोडं मारलंय? बनवते की मी.

आईचा ब्लाऊज शिवायचा टेप घेतला आणि मापं घ्यायला बसले. ओट्याचा कडप्पा, सिलेंडर, पाण्याचा हंडा, मिसळणाचा डबा, मोरीचा कट्टा, सगळ्याची लांबी, रुंदी, उंची. आई कोळंबी सोलत बघत होती. मी जाळीच्या कपाटाला टेप गुंडाळला तेव्हा म्हणाली, "कपाटाला बिलाऊज शिवतेस का गं?"

"खेळात घालतेय आपलं घर."

"मग जरा झाडून घ्यायचं त. लोक बगतील."

झाडलं नाही. जसं होतं तसं घरच्या कम्प्युटरवर घेतलं. धुराने काळी झालेली भिंत, तेलाच्या डब्याखालचं चिकट वर्तुळ, दोरीवर टांगलेले सुके बोंबील. आई मासळी साफ करायला बसण्याआधी हातातल्या बांगड्या काढून नळाच्या तोंडावर अडकवायची, तशा त्याही अडकवल्या. मासळी झाली की ती नळ पुरा सोडायची आणि मोरीतली खवलं, पाणी, घाण, सगळं भोकातून मागल्या अंगणात वाहून जायचं. माझ्या मॅपमध्येही तसंच केलं. नळाला गोळी लागली की पाणी कोसळायचं आणि त्या वेळी मोरीत जो असेल तो भोकातून बाहेर, थेट मेलेला. कॅफेतल्या पोरांना हा प्रकार फार आवडला. नळ हंड्यामागे दडलेला, त्यामुळे तो फोडायला ओट्यावर चढून उभं राहावं लागायचं, हे लवकरच सगळ्यांना कळलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. ती कपाटाची.

आमचं जाळीचं कपाट म्हणजे आईचा जीव. त्यात गूळ, दूध, तळलेल्या मासळीच्या तुकड्या. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्यात उभे. तीन पायांखाली ॲल्युमिनियमच्या वाट्या आणि चौथ्याखाली एक कान तुटलेला मोठा कप, कारण चौथी वाटी कुणीतरी हरवली होती. मुंग्या यायच्या नाहीत, पण एकदा कपाटात झुरळं व्हायला लागली. कडी घट्ट लागायची, जाळी आईने तारेने शिवलेली. मग झुरळं शिरतात कुठून? आईने दोन दिवस माझ्यावर संशय घेतला, की मी कडी लावत नाही. मला असा संताप आला, की मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडून राहिले. शेवटी एक झुरळ कपातल्या पाण्यात पडलं, पोहत पोहत कपाटाच्या पायाशी गेलं आणि गायब झालं. कपातलं पाणी काढून बघितलं तर पायाला भोक. इतकी वर्षं पाण्यात उभा राहून तो पाय आतून कुजला होता, वरपर्यंत पोकळ, थेट खालच्या फळीला निघणारा. कप भरलेला असला की भोक पाण्याखाली जायचं आणि कुणाला दिसायचं नाही. आईने जुन्या साडीची चिंधी कोंबली आणि मला म्हणाली, कुणाला सांगू नको, नायतर सगळे म्हणतील कपाट फेकून दे.

मी मॅपमध्ये तो पाय पोकळ ठेवला. चिंधी तेवढी काढली. कपात उडी मारायची, पाण्याखाली बुडी घ्यायची, भोकातून पायात शिरायचं आणि वर चढून कपाटात निघायचं. आईची आणि माझी गंमत, बाकी कुणाला दाखवायची गरज वाटली नाही.

आता त्याच्याबद्दल. नाव नाही घेणार, माझ्या तोंडाने तर नाहीच. कॅफेत सगळे त्याला पालघरवाला म्हणायचे. राहायचा कोळगावच्या बाजूला, नव्या सरकारी ऑफिसांच्या आसपास कुठेतरी. कपडे झकपक, बोलणं मधासारखं, आणि खेळायचाही चांगला, ते मी नाकारणार नाही. त्याची एक सवय होती. कोपरा शोधायचा, भिंतीला पाठ लावायची आणि येणाऱ्याची वाट बघत बसायचं. इंटरनेटवर मॅप कुठे टाकायचे, लोकांपर्यंत कसे पोचवायचे, हे त्याला माहीत होतं. दांडीला तेव्हा नेट म्हणजे छपरावर चढून हात वर करायचा प्रकार. मी पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, नाव 'दांडीचं घर' टाक आणि खाली माझं नाव.

"झालं समज," तो म्हणाला.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर दादाने आमचं घर पाडलं. त्याची चूक नाही, भिंती गळत होत्या, स्लॅबचं घर सगळ्यांनाच हवं होतं. ग्रॅनाइटचा ओटा आला, टाइल्स आल्या, मोरी गेली आणि बेसिन आलं. कपाट उचलायला गेले तर चौथा पाय मोडून हातात आला. दादाने ते फोडून आंघोळीच्या पाण्याखाली जाळलं. आई त्या दिवशी आंघोळीला गेली नाही. शेजारच्या घरी हलवलेला माझा कम्प्युटर खाऱ्या हवेने आणि ओलीने मेला, आणि ज्यात मॅप उघडून बदलता येतो ती मूळ फाइल त्याच्याबरोबर गेली. दुरुस्तीवाल्याने नुसती मान हलवली. म्हणजे आमचं जुनं घर आता कुठे उरलं होतं, तर त्या एका पेन ड्राइव्हवर आणि तिथून जिथे जिथे गेलं असेल तिथे.

काही महिन्यांनी शेजारची वहिनी फोन नाचवत आली. "बगा ओ, पालघरच्या पोराचं नाव झालं." कुठल्याशा स्थानिक बातम्यांच्या पानावर त्याचा फोटो, डोळ्यावर गॉगल, हाताची घडी. त्याने आपल्या आजीचं घर गेममध्ये उभं केलं म्हणे. आजीच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले म्हणे. खाली चित्रात आमचा ओटा. आमच्या नळावर आईच्या बांगड्या. दोरीवरच्या बोंबलांखाली लिहिलं होतं, आजीने वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"मी ह्याची आजी? माजे केस तरी पिकलेत का रं मेल्या?" मग पुन्हा बघून म्हणाली, "आणि बोंबलाला आंबा म्हणतो!"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कॅफेत गेले. तिला घर बघायचं होतं, बस. कॅफेवाल्या काकांनी खुर्ची दिली. मॅप सुरू केला की उघडताना एक चित्र येतं, मग खोली दिसते. ते चित्र सुटं असतं, मॅप टाकणाऱ्याला बदलता येतं, आणि त्याने ते बदललं होतं. पडदाभर तोच, गॉगल लावून, खाली मोठ्या अक्षरात त्याचं नाव आणि 'माझ्या आजीला अर्पण'. आई खुर्चीत ताठ झाली.

"हा माज्या दारात का उबा हाय?"

मग चित्र गेलं आणि खोली उघडली. आई पुढे सरकली. हंडा, कपाट, तेलाचा डबा. बोट पडद्याला लावून एकेक वस्तू बघत होती. बघून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आता दर टायमाला घरात शिरायचं त ह्याचं तोंड बगून शिरायचं का?"

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की हा आमच्या दारातून हलेपर्यंत मी गप्प बसणार नाही. पैसे नकोत, नाव छापून यायला नको. त्याचं तोंड आमच्या दारातून गेलं पाहिजे आणि सगळ्यांच्या देखत गेलं पाहिजे.

आधी सरळ गेले. तो कॅफेतच सापडला. चारचौघांत विचारलं, तर हसला. "अगं, तू फोटो दिलेस, मान्य आहे. पण मेहनत माझी आहे ना." मी म्हटलं, खोटारड्या, एक भिंत तरी उभी केलीस का? तो म्हणाला, "मूळ फाइल दाखव ना मग. असेल तर." त्याला माहीत होतं माझा कम्प्युटर मेलाय, मीच रडत सांगितलं होतं त्याला. त्याच्याकडेही मूळ फाइल नव्हतीच, पेन ड्राइव्हवर फक्त खेळायची प्रत होती, पण त्याच्याकडे कोण मागणार? आणि माझा मॅप आधी खेळलेली बहुतेक पोरं कामं बदलून पांगली होती. कॅफेवाले काका खाली बघत पैसे सुट्टे करत होते. पालघरवाल्याच्या नावावर त्यांच्याकडे गर्दी वाढली होती. "जाऊ दे ना बाय, गेमच त हाय," म्हणाले. घरी जाताना रिक्षात मी इतके दात खात होते, की शेजारच्या बाईने विचारलं, दाढ दुखते का?

मग मी खेळायचं बंद केलं. तोंड बघायची इच्छा नव्हती. पण रोज ऑफिसात टाकीचं ड्रॉइंग काढताना डोक्यात एकच चालायचं, याला कुठे गाठू?

गाठायची जागा त्यानेच दिली. पालघरला एका हॉलमध्ये गेमिंगची स्पर्धा होती, आणि स्पर्धेनंतर खास कार्यक्रम. आजीचं घर बनवणारा कलाकार स्वतः स्टेजवर, आणि प्रेक्षकांतून कुणीही उठावं आणि त्याच्याशी त्याच्याच घरात एकास एक खेळावं. मी पोस्टर वाचलं आणि हसायला आलं. जेवताना आईला सांगितलं. आई म्हणाली, "मी पन येनार."

"तुला तिथे काय कळणार आहे?"

"घर माजं हाय ना? मग कळेल की."

ती नवी साडी नेसली, केसांत अबोली माळली. लग्नाला निघाल्यासारखी एसटीत खिडकीपाशी बसली. हॉलमध्ये पोरंच पोरं, भिंतीवर हा एवढा पडदा. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. तो स्टेजवर आला, आजीबद्दल गोड गोड बोलला. आई हळू आवाजात त्याला जी काही विशेषणं लावत होती, ती इथे लिहिता येणार नाहीत. मग त्याने हात पसरून विचारलं, "तर मग, कोण येतंय माझ्या आजीच्या घरी?"

मी उभी राहिले. मला बघून त्याचं हसू जरा ढळलं, पण लगेच सावरलं. स्टेजवर जाऊन मी माइक मागितला.

"हे घर आमचं आहे, दांडीचं. मॅप मी बनवलाय. हा म्हणतो त्याने बनवलाय. पुरावा माझ्याकडे नाही. तर मग असं करू, आधी दहा वेळा जो मारेल तो जिंकला. मी जिंकले, तर याने इथल्या इथे, सगळ्यांसमोर, आपलं नाव आणि तोंड या मॅपवरून काढायचं. मी हरले, तर मी याच माइकवर सांगेन की मी खोटं बोलले."

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. मागून आमच्या बोईसरचा कुणीतरी ओरडला, "दीदी, छोड़ना मत!" आयोजकांना मजाच हवी होती. पालघरवाला खांदे उडवून म्हणाला, "ठीक आहे. पण मग रडायचं नाही." नाही म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

आम्ही पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, आपापल्या कम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावर दोघांचं दिसत होतं, आम्हाला मात्र आपापलंच.

आणि सुरुवातीलाच माझी फजिती झाली. कित्येक महिन्यांत हात लावला नव्हता. सिलेंडरमागून निघाले आणि मेले. पोळपाटावर चढले आणि मेले. तो कोपरा धरून बसायचा आणि मी आपली सरळ चालत जायचे. पाच वेळा मारलं त्याने मला, एकदाही मला न दिसता. लोक हसायला लागले. हरले तर माइकवर उभं राहून खोटं कबूल करायचं, आणि तेही आईसमोर. मी मान वर करून आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पडद्यावर कपाट बघत होती.

मी खेळातली बंदूक पाठीला लावली आणि चौथ्या पायाकडे पळाले. कपाच्या काठावर चढले आणि पाण्यात उडी टाकली.

लोकांना वाटलं चुकून पडले. हशा झाला. मी पाण्याखाली गेले, भोक सापडलं, आत शिरले आणि अंधारातून वर चढायला लागले. तेव्हा हशा थांबला आणि त्या शांततेत आईचा आवाज आला, "हां! तिथनंच!"

कपाटात निघाले ती गुळाच्या डब्याशेजारी. तारेने शिवलेल्या जाळीतून सगळं स्वयंपाकघर दिसत होतं. तो सिलेंडरच्या कोपऱ्यात पाठ लावून बसलेला. मारला. पुन्हा आला, तेलाच्या डब्यामागे लपला. मारला. त्याला गोळी कुठून येते कळेना. पिठाच्या डब्याकडे पळाला, तिथे मारला. कपाटाकडे आला, कडी बंद, वर चढायला काही नाही. जाळीतून खाली वाकून मारला. मधे एकदा त्याने नुसतीच जाळीच्या दिशेने गोळी झाडली आणि मी मेले. पण मी पुन्हा कपाकडे पळाले, पुन्हा बुडी. मला असा चेव चढला होता, की मी मोजत नव्हते, लोक मोजत होते. नऊ झाले तेव्हा तो हात वर करून ओरडला, "बग आहे हा! मॅपमध्ये चूक राहिलीय, चूक!"

आयोजकाने खेळ थांबवला. त्याला विचारलं, "पण सर, मॅप तुम्हीच बनवलाय ना?"

मी माइक ओढला. "बग नाही. कपाटाचा पाय आहे. तुझ्या आजीच्या कपाटाचा कुठला पाय कुजला होता, सांग. तिन्ही वाट्या सारख्या आणि चौथा कप का, तेही सांग. रोज पाणी भरत असशील ना आजीकडे."

तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत, लावत होता. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. तेवढ्यात आई उठली, पदर खोचला आणि रांगेतूनच बोलली. तिला माइक लागत नाही, किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारायची सवय आहे तिला.

"तो पाय माज्या घरचा हाय. चिंदी मी कोंबलेली. आणि ते बोंबील हायत रं, बोंबील! कैरी काय म्हणतोस?"

हॉल हसून हसून पडला, पण या वेळी माझ्यावर नाही. आयोजक म्हणाला, एक राहिलाय, संपवून टाका. खेळ सुरू झाला. पालघरवाला आता कपाटाला घाबरला होता. जिथून कपाट दिसत नाही अशी जागा शोधत तो पळाला आणि मोरीच्या कट्ट्याआड, बादलीमागे, भिंतीला पाठ लावून बसला. कपाटातून तो मला दिसेना. त्याला वाटलं वाचलो, नळ फोडायला मला ओट्यावर यावं लागणार आणि आले की तो टिपणार. ओट्यावर गेलं तरच नळ दिसतो, हे त्याला माहीत होतं. वरच्या फळीवर, दुधाच्या पातेल्याशेजारी उभं राहिलं की जाळीच्या तारेने शिवलेल्या कोपऱ्यातून हंडा टाळून नेमका नळ दिसतो, हे त्याला कसं माहीत असणार? लहानपणी त्या फळीवरची साय चोरताना आई नळाशी आहे की नाही हे मी तिथूनच बघायचे.

मी वर चढले. बांगड्या दिसत होत्या. समोरून आई म्हणाली, आता ओरडून नाही, अगदी घरात बोलते तशी.

"काड त्याला बायेर."

मी नळावर गोळी घातली. पाणी कोसळलं. बादली आडवी झाली आणि तो खवल्यांसारखा गरगरत भोकातून मागल्या अंगणात गेला.

त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, लॅपटॉप उघडून आपलं चित्र काढलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच सॉरी म्हणाला, सगळं गैरसमजातून झालं म्हणाला, पुढे मिळून काहीतरी करू म्हणाला. मी म्हटलं, माफी घरी घेऊन जा, तुझ्या खऱ्या आजीला दे. आई म्हणाली, जाऊ दे, वडे खाऊ. स्टँडवर बसून आम्ही वडे खाल्ले, आणि आयुष्यात वडा इतका चांगला मला कधी लागला नाही.

पुढे मी नवा कम्प्युटर घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत झाकून ठेवते, आणि मॅप पहिल्यापासून पुन्हा बनवला. आता तो उघडला की आई दिसते, हातात कोयता, कमरेवर हात, खाली लिहिलंय 'चपला बायेर काडा'. कुठल्या कुठल्या देशांतले लोक येऊन खेळतात. आणि त्यांच्यात, वेगवेगळी खोटी नावं घेऊन, तोही येतो. मला लगेच कळतं. आल्या आल्या तो कपात बुडी मारून बघतो आणि मग कोपरा शोधून भिंतीला पाठ लावतो. कशाला येतो देव जाणे, कदाचित त्याच्याही मनात डूख असेल. असू दे.

चौथा पाय मी केव्हाच बुजवलाय. त्याला माहीत झालेली वाट मी ठेवत नाही. दर वेळी नवीन लागते, आणि ती मला कुठून मिळते, तर आईकडून. ती ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी मासळी साफ करत असते, बांगड्या आता बेसिनच्या नळावर. मी विचारते, आई, अजून कुठे भोक होतं गं? ती हात थांबवून विचार करते. मग म्हणते, पिठाच्या डब्यामागं भिंतीत उंदराने केलेलं, आठवतं का? चुलीच्या वर कौल सरकलेलं, तिथनं मांजर यायची. तुजा बाप तंबाकू लपवायचा ती फळी, तिच्या पाठी पन पोकळ होतं. मला यातलं अर्धं माहीतही नव्हतं. मी टेप शोधते, ती हाताने मापं दाखवते, एवढं, नाय, जरा बारीक, आणि मी ते घरात बसवते.

संध्याकाळी मी खेळून उठले की ती मागे न वळता विचारते, "आज आलता का?"

"आलता."

"काडला?"

"काढला."

"कुटनं?"

"बाबांच्या फळीमागून."

आई मान हलवते आणि नळ पुरा सोडते.